ऑर्फाचा श्वास

आर्लेटा स्टिडहॅमला संशय घ्यायची सवय होती असं म्हटलं तर ते कमीच ठरेल. प्रार्थनेत कोणी फार मोठ्याने रडलं की त्याचा रुमाल खरंच ओला झालाय का, हे ती आधी बघायची. हिकरी फोर्क या डोंगरी गावातल्या चर्चच्या मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी ते फारसं मनावरही घेत नव्हतं. शेवटच्या बाकामागे, खिडकीखाली, एका जुन्या टेबलावर तिचं यंत्र असायचं. कानांवर हेडफोन चढवून ती दर रविवारची उपासना कॅसेटवर घ्यायची, सोमवारी तिच्या प्रती काढायची आणि मंगळवारी पोस्टात टाकायची. खाटेला खिळलेल्यांसाठी, कोळशाच्या धुळीने फुप्फुसं काळी झालेल्या खाणकामगारांसाठी, डोंगर उतरून चर्चला येणं ज्यांना या जन्मी जमणार नव्हतं त्या सगळ्यांसाठी. चौतीस वर्षांत तिचा एकही मंगळवार चुकला नव्हता.

जूनमधल्या त्या रविवारी ब्रदर एस्टिल कॉडिल उभा राहिला, तेव्हा तिने सवयीने आवाजाचं बटण थोडं मागे फिरवलं. एस्टिल म्हातारा, खाणीतून निवृत्त झालेला. एरवी त्याच्या तोंडून हवापाण्यापलीकडे शब्द निघत नसे, पण पवित्र आत्मा उतरला की तो अन्य भाषेत, कोणालाच न कळणाऱ्या शब्दांत, असा काही गर्जायचा की यंत्राचा काटा लाल रेघेला जाऊन थडकायचा. मंडळीचा नियम जुना आणि साधा होता. कोणी अन्य भाषेत बोललं तर त्याचा अर्थ सांगणारं कोणीतरी हवं. नसेल तर बोलणाऱ्याने गप्प बसायचं. हा अर्थ सांगायचं देवाचं कृपादान आर्लेटाच्या आईला, सिस्टर ऑर्फाला, मिळालेलं होतं आणि चाळीस वर्षं तिने ते वापरलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून एस्टिल उठला, बोलला, थांबला की सगळे माना खाली घालून वाट बघायचे आणि शेवटी पास्टर हळूच म्हणायचा, "ब्रदर, बसा आता." म्हातारा बसायचा. ते बघवत नसे.

त्या दिवशी मात्र पास्टरने तोंड उघडायच्या आतच चौथ्या बाकावरून एक बाई उठली. नीव्हा टॅकेट. चाळिशीतली, शाळेच्या खानावळीत स्वयंपाकाला, मंडळीत येऊन जेमतेम चार महिने झालेली. तिने समोरचा बाक घट्ट धरला आणि डोळे मिटले.

"माझ्या लेकरांनो, पाणी सकाळीच भरून ठेवा. दुपारी झऱ्यावर गर्दी होईल, आणि तुमची बादली..." इथे ती थांबली, दातांमधून 'स्स्' असा बारीक श्वास तिने आत घेतला, "तुमची बादली रिकामी राहील."

मंडळी उसळली. कोणी हात वर केले, कोणी रडायला लागलं. एस्टिल दोन वर्षांत पहिल्यांदा हसला. आणि मागे टेबलाशी आर्लेटाच्या मनात शंकेची पाल अशी चुकचुकली की तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

शब्द ओळखीचे होतेच. पण खरी मेख त्या श्वासात होती. तसाच श्वास ऑर्फा घ्यायची, आणि तिच्या त्या श्वासाला मंडळीत फार मान होता. शेवटचा शब्द सांगण्याआधी सिस्टर ऑर्फा आत्म्याला आत ओढून घेते, असं लोक म्हणायचे. खरी गोष्ट एकट्या आर्लेटाला माहीत होती. आईची वरची कवळी ढिली होती. लांब वाक्याच्या शेवटाला ती सुटायला लागे आणि ऑर्फा जीभ लावून, श्वास ओढून ती जागेवर बसवी. दंतवैद्याकडे जायला ती शेवटपर्यंत राजी झाली नाही. आणि या नीव्हा टॅकेटचे दात तर चांगले भक्कम, स्वतःचे होते.

"देव बोलताना कवळी सावरत नाही," आर्लेटा पुटपुटली आणि तिने यंत्र बंद केलं.

बुधवारी ती पास्टरकडे गेली. डेन्झिल चर्चच्या पायऱ्यांवर बसून गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता. लहानपणी रविवारच्या शाळेत तो तिच्याच हाताखाली होता, त्यामुळे चारचौघांत ती त्याला पास्टर म्हणायची आणि एकांतात डेन्झिल.

"डेन्झिल, ती बाई आईची नक्कल करतेय."

"कोण, नीव्हा?" त्याने पातं खाली ठेवलं. "सिस्टर, गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात की डीकन हार्जिसच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे."

"होतंच ते कांद्याचं. हाताला वास येत होता."

"आणि त्याआधी तो पाहुणा उपदेशक आला होता, तो लबाड आहे म्हणालात."

"मग? गेला की नाही पळून?"

"त्याला टेनेसीत नोकरी लागली म्हणून गेला."

"असं तो म्हणाला."

डेन्झिलने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. हसावं की चिडावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. "हे बघा. ऑगस्टच्या मेळ्याच्या रविवारी आम्ही नीव्हाच्या डोक्यावर हात ठेवणार आहोत. ओहायो, मिशिगन, जिकडे-तिकडे गेलेली आपली माणसं त्या दिवशी येतात, त्यांच्यासमोर तिचं कृपादान मान्य करायचं. तुम्ही म्हणता तसं असेल तर मला अंदाज नको, पुरावा आणा. पुरावा आणलात तर मी स्वतः तिला सांगेन की बाई, यापुढे त्या बाकावरून उठायचं नाही. कधीच नाही."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर मुकाट्याने रेकॉर्डिंग करायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही. जमेल?"

"मिळेल पुरावा," आर्लेटा म्हणाली.

हे सगळं ती फक्त आईच्या अब्रूसाठी करत होती, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिला मत्सर वाटत होता. एकोणिसाव्या वर्षापासून ती वेदीपुढे गुडघे टेकून मागत आली होती, की मलाही काही दे. तिला मिळालं ते यंत्र. आणि त्याहून डाचणारी एक गोष्ट तिने कधी कोणाला सांगितली नव्हती. एस्टिल बोलायला लागला की कधीकधी तिच्याही छातीतून काहीतरी वर यायचं, एक अख्खं वाक्य ओठांपर्यंत यायचं. पण लगेच मनात यायचं, हे देवाचं कशावरून? तुझंच असेल. आणि ती ते गिळून टाकायची. विशीत गिळलं, तिशीत गिळलं, पन्नाशीतही गिळलं. तेवढ्यात आई उठलेली असायची आणि सुटल्यासारखं वाटायचं. इतकी वर्षं आपण इतकं जपून राहिलो, आणि ही चार महिन्यांची पाहुणी खुशाल उठते आणि बोलते!

स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तिच्या सगळ्या कॅसेट होत्या, पाठीवर तारखा घातलेल्या. रोज दुपारचं जेवण झालं की ती चष्मा लावून तिथे बसायची आणि आईचे सगळे अर्थ शोधत जायची. नवव्या दिवशी सापडलं. ऑक्टोबर सत्त्याऐंशी. पाणी सकाळीच भरून ठेवा, दुपारी झऱ्यावर गर्दी होईल, तुमची बादली, स्स्, तुमची बादली रिकामी राहील. अक्षराचाही फरक नव्हता. पुढच्या रविवारांना नीव्हा आणखी दोनदा उठली, एकदा मोडलेल्या कुंपणाबद्दल आणि एकदा खिडकीतल्या दिव्याबद्दल. कुंपण एकोणनव्वदमध्ये मिळालं, दिवा ब्याण्णवमध्ये.

मग तिने पत्त्यांची पेटी काढली. कॅसेट मागवणाऱ्या प्रत्येकाचं एक कार्ड तिच्याकडे होतं, कोणाला कुठल्या तारखेची कॅसेट पाठवली ते मागच्या बाजूला लिहिलेलं. तिन्ही कॅसेट ज्यांना गेल्या ती नावं तिने एकमेकांशी ताडून बघितली, आणि पाऊण तासात तिच्या हातात एक पिवळं पडलेलं कार्ड आलं. रॉक्सी टॅकेट, बीच क्रीक. अकरा वर्षं दर आठवड्याला एक कॅसेट, आणि शेवटी एक आडवी रेघ, रॉक्सी वारली त्या महिन्याची.

"सापडलीस!" आर्लेटा रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तिने उठून स्वतःसाठी कॉफी केली आणि त्यात दोन चमचे साखर घातली. या आनंदाची तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

लगेच पास्टरकडे जाता आलं असतं. पण पकडलेल्या माणसाचा चेहरा बघायची ती संधी सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. म्हणून मेळ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिन्ही कॅसेट पर्समध्ये घालून ती नीव्हाच्या घरी गेली.

नीव्हा ओट्याशी उभी राहून उद्याच्या जेवणासाठी सफरचंदाचा थरांचा केक रचत होती. कोपरांपर्यंत पीठ. "या, सिस्टर आर्लेटा," ती म्हणाली, "खुर्चीवरचं मांजर हाकला आणि बसा."

आर्लेटा बसली नाही. तिची नजर भिंतीकडे गेली होती. तिथे फळीवर बुटांची जुनी खोकी रांगेने मांडलेली होती, आणि प्रत्येक खोक्यात कॅसेट होत्या. पाठीवरचं अक्षर तिचंच होतं.

"लपवायला जागा नव्हती वाटतं घरात?"

"लपवायचं कशाला?"

आर्लेटाने पर्स उघडून तिन्ही कॅसेट टेबलावर एकेक करून ठेवल्या. पत्त्यांच्या डावात हुकमाची पानं टाकावीत तशा ठेवल्या, खरं तर. नीव्हाने हात पुसले, वाकून तारखा वाचल्या.

"हे पाणी. हे कुंपण. आणि हा दिवा," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं तुम्ही याल. कानांवर ते लावून बसता तुम्ही, तुमच्यापासून काय लपणार?"

"म्हणजे कबूल?"

"कबूल करायला मी तयार आहे हो, पण काय कबूल करू तेच कळत नाहीये." तिने एक थर अलगद उचलून दुसऱ्यावर ठेवला. "आईची डावी बाजू गेली तेव्हा मी अठ्ठावीसची होते. अकरा वर्षं मी तिच्या खाटेशेजारी आणि दिवसभर तुमच्या कॅसेट. चर्च म्हणजे काय ते मला त्या खोक्यांतूनच माहीत. देव बोललेला मी ऐकलाय तो तुमच्या आईच्याच तोंडून. आता ब्रदर एस्टिल उठले की इथे छातीत काहीतरी भरून येतं. खरंच येतं, शपथेवर सांगते. आणि बाहेर पडताना त्याला तेच शब्द सापडतात. माझ्याकडे दुसरे आहेतच कुठे? आता ते देवाचं की कॅसेटचं, मी कसं सांगू? मी रोज स्वतःला हेच विचारते."

छान पाठ केलंय, असं आर्लेटाच्या मनात आलं. तिने ठेवणीतला घाव काढला. "आणि तो श्वास? शेवटच्या शब्दाआधी घेतेस तो?"

नीव्हाचा चेहरा एकदम मऊ झाला. "तो तर आत्मा. सिस्टर ऑर्फा त्याला आत घ्यायच्या ना. माझ्याकडून तो आपोआप होतो. तो होतो तेव्हाच मला जरा धीर येतो, की हे खरं असेल."

"ती कवळी होती, बाई."

"काय?"

"वरची कवळी. ढिली होती. सुटायला लागली की ओढून धरायची. पंचवीस वर्षं मी दंतवैद्याकडे चल म्हणून तिच्या मागे लागले होते."

नीव्हा मांजराला मांडीवर ओढून खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पिठाने माखलेल्या मनगटाने पुसल्यामुळे गालांवर पांढरे पट्टे उठले. "कवळी! देवा रे! आणि मी एकटी असताना आरशासमोर... अहो, माझा तर सगळा विश्वास त्या कवळीवर होता!"

आर्लेटाच्या ओठांचे कोपरे हलले. तिने ते ताबडतोब आवरले.

हसणं ओसरल्यावर नीव्हाने विचारलं, "तुम्हाला कसं कळतं मग? कुठलं देवाचं आणि कुठलं आपलं? तुम्ही तर त्यांच्या पोटच्या."

"मला जे येतं ते माझंच, असं मी धरून चालते."

"दर वेळी?"

"दर वेळी. म्हणजे फसायला होत नाही."

"आणि आईला सांगायचात ते? तेही तुमचंच?"

"कोणाच्या आईला? मी तुझ्या आईला कधी भेटलेही नाही."

नीव्हा उठली, दुसऱ्या खोक्यातून न शोधता एक कॅसेट काढली आणि ओट्यावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आधी खरखर, मग एक आवाज. तरुण, थोडा घाईतला. आर्लेटाला तो ओळखायला क्षणभर लागला.

'रॉक्सी, मी आर्लेटा. या कॅसेटच्या सुरुवातीला गाण्यांआधी थोडी पट्टी कोरी राहते, म्हणून ती सरेपर्यंत जरा बोलते. इकडे पाऊस आहे. आणि हो, लेकीला कूस बदलून दे म्हणायला लाजू नका. ती तुम्हाला कंटाळलेली नाही. तिला भीती वाटतेय, एवढंच. मागा तिच्याकडे. बरं, आता गाणी सुरू होतील.'

गाणी सुरू झाली. नीव्हाने बटण दाबून ती बंद केली.

"त्या दिवशी माझी बॅग दारामागे भरून ठेवलेली होती," ती म्हणाली. "दीड वाजताची सिनसिनाटीची बस. आईला काही पत्ता नव्हता. कॅसेट लावून निघायचं ठरवलं होतं, म्हणजे ती ऐकत पडेल आणि मला तिला रडताना बघावं लागणार नाही. कॅसेट लावली आणि तुम्ही हे बोललात. आणि आई म्हणाली, नीव्हा, मला जरा वळवतेस?"

आर्लेटाने बंद झालेल्या टेपरेकॉर्डरकडे बघितलं. पण सवय कुठे जाते! "मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस. उद्याचं टळावं म्हणून हे चाललंय तुझं."

"असेल," नीव्हा म्हणाली. तिला राग आल्याचं दिसलं नाही. "पण या कॅसेट बघा तरी. कुठलीही घ्या. सगळ्या सुरुवातीलाच झिजल्यात. तुमच्या आईचे अर्थ मी ऐकायचे. माझी आई तुमची ती कोरी पट्टी ऐकायची, मागे नेऊन नेऊन. तुम्ही प्रत्येक वेळी काहीतरी बोलायचात, आणि ते नेमकं लागायचं तिला." ती परत केककडे वळली. "उद्याचं काय ते तुम्ही ठरवा. पास्टरना दाखवलंत तर मी भांडणार नाही. ही एक कॅसेट मात्र मला परत हवी."

आर्लेटा घरी आली ती थेट पत्त्यांच्या पेटीकडे गेली. रॉक्सी टॅकेटच्या लेकीबद्दल आपल्याला कोणी सांगितलं असणार. कोणीतरी सांगितलं असणारच. तिने कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. 'डावी बाजू. फोन नाही. जुनी गाणी आवडतात.' एवढंच. लेक आहे हेसुद्धा त्यात नव्हतं. तिने स्वतःची अशी उलटतपासणी केली की हार्जिसचीही कधी केली नसेल, आणि हाती काही लागलं नाही. चौतीस वर्षं दर सोमवारी ती यंत्रापुढे बसून मनाला येईल ते बोलत गेली होती. ते गिळावं असं तिला कधी वाटलं नाही, कारण ते महत्त्वाचं आहे असंच तिला कधी वाटलं नव्हतं.

तरी संशय गेला नाही. नीव्हा चांगली मुलगी असेल, आईची सेवा केली असेल, म्हणून उद्या ती खोटं बोलणार नाही असं थोडंच आहे? आर्लेटाने तिन्ही कॅसेट पर्समध्येच ठेवल्या.

रविवारी चर्चच्या आवारात गाड्या उभ्या करायला जागा उरली नाही. झाडांखाली टेबलं मांडली होती, त्यांवर झाकलेली भांडी, मक्याचे ब्रेड, नीव्हाचा सात थरांचा केक. डेन्झिलने आर्लेटाला दारातच गाठलं.

"आणलंत?"

तिने पर्सवर हात ठेवला. "आणलंय."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे खरं आहे ते?"

"उपासना तर होऊ दे," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

गाणी झाली, प्रार्थना झाली. मग एस्टिल उठला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलला, काटा लाल रेघेवर थरथरत राहिला. तो थांबला आणि दीडशे माणसं एकदम गप्प झाली. सगळ्यांच्या नजरा चौथ्या बाकाकडे. आर्लेटाने हेडफोन दाबून धरले. आता ही कुठली काढते बघू, तिच्या मनात आलं. पंच्याऐंशी? नव्वद? ती ऐकता क्षणी साल सांगू शकली असती.

नीव्हा उठली. तिने समोरचा बाक धरला. पण डोळे मिटले नाहीत.

"मला आज काही आलं नाही," ती म्हणाली.

कोणीतरी खोकलं. पहिल्या बाकावर हार्जिस मान वळवून बघायला लागला.

"ब्रदर एस्टिल, मला माफ करा. आलेलं नसताना मी बोलणार नाही. आणि आधी जे आलं होतं ना, ते सिस्टर ऑर्फांच्या कॅसेटवरच्या शब्दांत आलं होतं. तेही सगळ्यांना माहीत असू दे." एवढं बोलून ती खाली बसली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

आर्लेटाला ढोंगी माणसं चांगली माहीत होती. आयुष्यभर तिने तीच तर शोधली होती. आणि ज्या दिवशी डोक्यावर हात ठेवले जाणार, मिशिगनहून माणसं बघायला आली आहेत, त्या दिवशी रिकाम्या हाताने उभं राहून 'मला काही आलं नाही' म्हणणारा ढोंगी तिने एकही बघितला नव्हता. ज्या पुराव्यासाठी तिने इतक्या दुपारी घालवल्या तो आता मिळाला होता, आणि तो उलटा निघाला होता.

वर व्यासपीठावर डेन्झिल पांढराफटक पडला होता. त्याने मागे आर्लेटाकडे बघितलं. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पर्स पायाने टेबलाखाली सारली. त्याने एक सुस्कारा सोडला. मग तो एस्टिलकडे वळला. म्हातारा अजून उभा होता, ओठ हलत होते, डोळे कोणाला तरी शोधत होते.

"ब्रदर," डेन्झिल हळूच म्हणाला, "बसा..."

आणि आर्लेटाला कळलं की वाक्य तिच्या ओठांवर आहे. एस्टिल बोलत होता तेव्हापासूनच होतं. नीव्हावर पाळत ठेवण्याच्या नादात तिला ते गिळायचं राहून गेलं होतं. आज उठायला आई नव्हती. नीव्हा उठून परत खाली बसली होती. आणि म्हातारा गुडघे वाकवून बाक चाचपायला लागला होता.

तिने हेडफोन काढले.

"थांब, डेन्झिल," ती म्हणाली. चारचौघांत तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. दीडशे माना मागे वळल्या. त्यांतल्या कित्येकांनी चर्चमध्ये तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. नीव्हाने वर बघितलं.

आर्लेटाला आईसारखं बोलता येणार नव्हतं. तिने डोळे मिटले नाहीत, आवाज चढवला नाही. सोमवारी दुपारी यंत्रापुढे बसून बोलायची तशीच ती बोलली.

"जे आज इथे येऊ शकले नाहीत त्यांना सांगा," ती म्हणाली, "की मी त्यांच्या खाटेशी बसलोय."

आवाज फाटला. ती थांबली. सगळे वाट बघत होते. हे देवाचं कशावरून, आतून आलं, नेहमीसारखं, अगदी वेळेवर. तुझंच असेल.

असेल, आर्लेटा मनात म्हणाली, आणि तिने पुढचं वाक्य सांगितलं.